कुणाच्याही समोर उभे न राहणारे काका

काका फ्रिजसुद्धा बाजूला उभे राहून उघडायचे. दार अर्ध्यावर आलं की मान वाकडी करून आत बघायचे आणि मगच पाण्याच्या बाटलीला हात घालायचे. लिफ्टचं तेच, प्रेशर कुकरचं तेच. एटीएममधून पैसे काढतानाही हा माणूस कडेला उभा राहून हात लांब करायचा, आणि रांगेतल्या लोकांना वाटायचं, यांना पाठदुखी असावी. जन्मभर बंदुका दुरुस्त करणाऱ्याने एवढं भ्यावं, याचं मला आधी हसू यायचं. पुढे मीच लिफ्टच्या दारासमोरून बाजूला सरकायला लागले, तेव्हा हसणं बंद झालं.

ठाण्याच्या जुन्या बाजारामागे एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, पुढे जाळीचं दार, आत लांब टेबल आणि टेबलाच्या पलीकडे काका. सत्तरीचे, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. दुकानात वर्षानुवर्षं एक बारही उडाला नव्हता, पण बोळे होते. समोरच्याचं बोलणं ऐकायचं असलं की एका कानातला काढायचे. फार महत्त्वाचं असेल तर दोन्ही. आपण बोलायला सुरुवात केली आणि काकांनी एकही काढला नाही, की समजायचं आपण गेलो. दिवाळीत ते ठाण्यात राहतच नसत. बहिणीकडे कोकणात पळायचे, आणि तिथेही पोरांनी फटाके वाजवले म्हणून भाऊबीज न करता परत आल्याची गोष्ट स्वतःच सांगायचे.

गिऱ्हाईक आत आलं की पहिला हुकूम सुटायचा, "उघडा." नमस्कार, बसा, चहा, ते सगळं नंतर. ज्याचं हत्यार त्यानेच ते उघडायचं, नळीतून पलीकडचा उजेड काकांना दाखवायचा आणि स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, "रिकामी आहे." त्याशिवाय काका वस्तूला बोट लावत नसत. घोडबंदर रोडकडचा कुणी मोठा बिल्डर एकदा रिव्हॉल्व्हर घेऊन आलेला. त्याने बेफिकिरीने "रिकामी आहे" म्हटलं आणि उघडलं तर आत एक गोळी. काकांनी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढला. पुन्हा या दारात यायचं नाही म्हणून सांगितलं. बिल्डरने वजनदार लोकांचे फोन लावले, मिठाईचा खोका पाठवला. काकांनी खोका तसाच परत केला. "उघडलासुद्धा नाही," असं ते सांगायचे, आणि त्यांच्या बाबतीत त्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

भित्रेपणाच्या बरोबरीने त्यांच्याजवळ आणखी एक गोष्ट ठासून भरलेली होती, ती म्हणजे घमेंड. आपल्या कामाबद्दल एक शब्द त्यांना खपत नसे. माणूस ज्ञानी होता का, देव जाणे. आमची रायफल त्यांनी पहिल्या दिवशी नळीचा वास घेऊन बेल्जियमची ठरवली, महिन्याने इंग्लंडची, आणि मी आठवण करून दिली तर माझ्याकडेच असं बघितलं की जणू बेल्जियम मीच म्हटलेलं. पण हात मात्र असा की बघत राहावं. त्यांना काका म्हटलेलं चालायचं, साहेब म्हटलेलं आवडायचं, आणि मिस्त्री म्हटलं की दोन्ही बोळे घट्ट व्हायचे. माझ्या वडिलांनी पहिल्या भेटीत दारातूनच विचारलं, "मिस्त्री हायेत का?"

आमचं घर मोहन्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. आजोबांची तिथे भाताची आणि वालाची शेती. रानडुकरं यायची, म्हणून त्यांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढला आणि एक जुनी शिकारी रायफल घेतली. मधून मोडून उघडायची, एका वेळी एकच काडतूस घालायचं, एकच बार. तोही चुकला तर डुक्कर आपलं आणि आपण डुकराचे, असं आजोबा म्हणायचे. त्यांच्यामागे परवाना बाबांच्या नावावर आला. मग शेतीची जागा इमारतींनी घेतली. आमच्या वालाच्या वाफ्यांवर आता एका कॉम्प्लेक्सचं क्लबहाऊस आहे. डुकरं गेली, वाल गेले, रायफल राहिली. बाबा तिला दर रविवारी तेल द्यायचे आणि गावात कुणी मोठ्याने बोललं की म्हणायचे, माझ्याकडे रायफल हाय. त्यांनी कधी कुणावर उगारली नाही. पण आपण अजून कोणीतरी आहोत, हे त्यांना त्या लोखंडाकडून कळायचं.

आणि अशातच बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग मला आत्याच्या नावाने हाक. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. मी ठाण्याला, नोकरी घोडबंदरला, दर शनिवारी गाडी काढून मोहन्याला जायचे. रायफल ज्या कपाटात होती, त्या खोलीत आईने झोपणं सोडलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, तिकडे डास फार. डास सगळ्या घरात सारखेच होते. आईचा फोन वाजला की स्क्रीनवर तिचं नाव दिसल्यापासून तिचं "हॅलो" ऐकेपर्यंत मी काय काय बघून यायचे, ते लिहीत नाही. बाबांना आजचा वार आठवत नव्हता, पण कपाटाची किल्ली कमरेला होती.

रायफल घराबाहेर जायला हवी होती, आणि बाबांनी ती आपल्या हाताने द्यायला हवी होती. पोलिसांत जाऊन मला ते करता आलं असतं. तसं केलं असतं तर बाबा त्याच दिवशी संपले असते. म्हणून मी किमतीचा मार्ग काढला. म्हटलं, बाबा, जुनी विलायती वस्तू आहे, निदान किंमत तरी काढू. बाबांना ते पटलं. आपल्या वस्तूची किंमत चारचौघांत सांगता येईल, हे त्यांना आवडलं. माझ्या मनात होतं की आकडा तोंडात बोट घालायला लावणारा निघाला, तर एखाद्या दिवशी विकायला तयार होतील.

काकांनी पहिल्या भेटीत तिची तपासणी केली आणि दोष सांगितला. बार झाल्यावर रायफल उघडली की आतला आकडा काडतुसाचं रिकामं पितळ वर उचलतो. आमच्या रायफलचा आकडा झिजला होता, त्यामुळे पितळ नळीतच रुतून बसायचं आणि बाबा ते पेचकसाने उचकटायचे. पेचकस हा शब्द ऐकून काकांनी डोळे मिटून घेतले. किमतीचं विचारलं तर म्हणाले, "आजारी माणसाचं वजन कसलं करता? आधी बरी होऊ दे. मग थोडे दिवस घरी राहू दे, आकडा बसू दे. नंतर आणा, सांगतो." बाबांना राहवेना. अंदाजे तरी सांगा म्हणाले. त्यावर काकांची वेगळीच तऱ्हा. किमतीचा आकडा ते स्वतः सांगत नसत. तुम्ही सांगायचा, ते फक्त चूक की बरोबर तेवढं सांगणार. बाबांनी एक आकडा सांगितला. काका म्हणाले, "चूक." जास्त झाला की कमी, हे काही बोलले नाहीत. रायफल दुकानात सोडून परतताना बाबा माजिवड्यापर्यंत मोठमोठे आकडे पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी एक बोळा काढला, मग दुसराही काढला. मी म्हटलं, काका, दुरुस्ती होत नाही म्हणून सांगा, भाग मिळत नाही म्हणा, काहीही म्हणा, पण ती इथेच ठेवा. ते बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमची अडचण मला कळते. पण मला काम जमत नाही, हे मी कुणालाही सांगणार नाही. खोटं तर नाहीच नाही." मी चिडले. इतकी चिडले की नमस्कार न करता बाहेर पडले. एका घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या जिवापेक्षा यांना आपला मान मोठा, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

एक मात्र झालं. काका मुळातच भयंकर सावकाश होते. इतर गिऱ्हाइकं त्यांच्या नावाने बोटं मोडायची. मी देवाला हात जोडायचे. पावसाळा सरत आला, गणपती आले आणि गेले, रायफल ठाण्यातच. आई पुन्हा कपाटाच्या खोलीत झोपायला लागली. त्या काळात मी कुठेकुठे काडतुसं शोधली. काही तांदळाच्या पिंपात सापडली, काही आजोबांच्या जुन्या कोटात. ती सगळी मी बाबांना समजावून काकांच्या हवाली केली. आता संपली, असं बाबा शपथेवर म्हणाले. त्यांच्या शपथेत खोट नव्हती, पण आता आठवणच खोटी निघत होती. मग दसऱ्याच्या थोडं आधी काकांचा फोन आला, "तयार आहे. शेठना घेऊन या." गेलो, आणि ती घरी आणली.

आमच्या घरात दसऱ्याला हत्याराची पूजा होते. त्यात एक रीत आहे. कलश जसा पाण्याशिवाय मांडत नाहीत, तशी रायफल रिकामी पुजत नाहीत. आत काडतूस घालायचं, त्याच्या पितळी बुडाला कुंकू लावायचं, रायफल बंद करून पाटावर ठेवायची. पूर्वी संध्याकाळी आजोबा नदीकडे जाऊन तो बार हवेत काढायचे. शेती गेल्यावर बाबा फुलं उचलायच्या वेळी काडतूस नुसतं काढून ठेवायचे. त्या वर्षी दसऱ्याला मी सासरी होते. आईला फोनवर विचारलं, पूजा कशी केली? ती म्हणाली, काडतूसच नव्हतं, तर रिकामीच पुजली असंल. तिने बघितलं नव्हतं. कपाटाच्या खोलीत ती पूजेला जायची नाही, ते काम पुरुषांचं.

पुढच्या शनिवारी किंमत काढायला निघालो. गाडी मी चालवत होते. बाबा मागच्या सीटवर, धुतलेला शर्ट, टोपी, मांडीवर खोळीतली रायफल. खूश होते. दुर्गाडीच्या पुलावर त्यांनी खाडीला नमस्कार केला, कोनगावात नेहमीचा ट्रॅफिक, मग बायपासचे खड्डे. प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळली की बाबा म्हणायचे, "हलू चालव गं, तिला लागंल." मी आरशातून बघायचे. रायफलचं तोंड माझ्या सीटच्या पाठीकडे होतं. रिकाम्या रायफलचं तोंड कुठे का असेना, तरी मी एकदोनदा पाठ पुढे घेतली. काकांच्या सहवासाचा परिणाम, दुसरं काय.

दुकानात गेलो. काका उठून टेबलाच्या कडेला उभे राहिले. म्हणाले, "उघडा."

बाबांनी खोळ काढली, ताठ उभे राहिले आणि "रिकामी हाय," म्हणत रायफल मोडली. नव्या आकड्याने आपलं काम चोख केलं. नळीच्या मागून एक काडतूस अलगद वर आलं. ते झाडलेलं नव्हतं. त्याच्या पितळी बुडावर कुंकवाचा वाळलेला ठिपका होता.

काकांनी मला हाताने बाजूला केलं, काडतूस चिमटीत धरून काढलं, पाण्याने भरलेलं भांडं ठेवावं तसं हळू खणात ठेवलं. मग घोडा बघितला. घोडा पडलेला होता, म्हणजे बंद रायफलमध्ये त्याचं टोक काडतुसाला टेकलेलं होतं. जुन्या बनावटीत असं असलं की एक जोराचा धक्का पुरतो, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या वेळी ते फक्त खुर्चीवर बसले. एक बोळा कानातून पडला होता, तो त्यांनी उचललाही नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. मग खोळीकडे, मग माझ्या पाठीकडे. त्यांना सगळं कळलं होतं. विसरणाऱ्या माणसाला सगळं लख्ख कळतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी बघितलं. पुन्हा बघायची माझी तयारी नाही. ओठ हलत होते. "मी काढलेली," ते म्हणाले. "काढलेली ना मी?" प्रश्न मला होता. मला वाटलं, आता काका बिल्डरला सुनावलं तसं सुनावणार. सुनावलं असतं तर मी अडवलंही नसतं, एवढी मी घाबरले होते.

काका उठले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी अगदी समोर येऊन उभे राहिले. बाबांच्या हातातून रायफल घेतली आणि म्हणाले, "शेठ, माझ्याकडून चूक झाली. आकडा नीट बसलेला नाही. तुम्ही काडतूस काढायला गेलात, पण माझ्या आकड्याने ते उचललंच नाही. काम कच्चं राहिलं माझं."

आकडा नीट होता. तो किती नीट आहे, ते आम्ही तिघांनी आत्ताच बघितलं होतं.

बाबांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "खरं?"

"खरं. ठेवून जा. पुन्हा करावं लागेल सगळं."

बाबांचे खांदे हळूहळू सैल झाले. टोपी सारखी केली, आणि घसा साफ करून म्हणाले, "मना वाटलेलंच. काम बराबर नाय झालं." मग त्यांना किमतीची आठवण आली. काका म्हणाले की अपुऱ्या कामाची किंमत काढत नाहीत, आधी पुरं होऊ दे. जाळीच्या दारातून बाहेर पडताना बाबांनी वळून एकदा चांगलं ऐकवलं, मिस्त्री, एवढी वर्षं दुकान मांडून बसलाव नि एक आकडा बसवता येत नाय. काका मान खाली घालून ऐकत होते. गाडीत बसल्यावर मी रडले. बाबांनी विचारलं, कनाला रडतेस, होईल दुरुस्त.

पुढची कागदपत्रं काकांनी रीतसर केली. परवानाधारक दुकानात हत्यार ठेवता येतं, तसं ते ठेवून घेतलं. मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण बाबांना राहून राहून रायफल आठवायची, कपाट रिकामं दिसलं की ते कासावीस व्हायचे, आईला चोर ठरवायचे. मी काकांना फोन करून हे सांगितलं. त्या रविवारी सकाळी बाबांचा मोबाइल वाजला. काका बोलत होते. शेठ, अजून जमलं नाही, जरा थांबा. बाबांनी त्यांची अशी खरडपट्टी काढली की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. फोन ठेवल्यावर बाबा दिवसभर ठणठणीत होते. पोहे मागून खाल्ले.

त्यानंतर दर रविवारी काकांचा फोन यायचा. ज्यांना मिस्त्री म्हटलेलं सोसत नसे, ते दर रविवारी स्वतः फोन लावून आपल्याला काम येत नाही हे ऐकून घ्यायचे. नळी वाकडी लागतेय, म्हणायचे. स्प्रिंग मिळत नाही. माझं वय झालं, शेठ, हात थरथरतो. एकदा मी दुकानात गेले होते, तेव्हा त्यांना फोनवर बोलताना बघितलं. दोन्ही बोळे काढून टेबलावर ठेवलेले, डोळे मिटलेले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "आज फार बोलले. तब्येत चांगली दिसते." मला त्यांची माफी मागायची होती. मी चहा मागवला.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. झोपेत गेले, अगदी आवाज न करता, त्यांना हवं होतं तसं. मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे, त्याने दुकान बंद केलं. आमची रायफल आणि परवाना मी पोलिसांत जमा करून टाकला. कारकुनाने तिच्याकडे बघितलंही नाही, एक चिठ्ठी बांधली आणि बाकीच्यांत ठेवून दिली. तिची किंमत काय होती, ते काका न सांगताच गेले आणि मला आता जाणून घ्यायचीही नाही.

बाबा आहेत. आता मला कुठल्याच नावाने हाक मारत नाहीत. पण रविवारी सकाळी आंघोळ करून मोबाइल पुढ्यात घेऊन बसतात, हे कसं कोण जाणे त्यांच्यात राहिलं आहे. मी शनिवारीच मुक्कामाला येते. काका गेले हे त्यांना एकदा सांगून बघितलं, तर एकाएकी त्यांचा चेहरा तसा व्हायला लागला, दुकानातला. ते काडतूस, ती गाडी, माझी पाठ, सगळं आता आठवणार असं मला वाटलं. तेव्हापासून सांगत नाही. काका बहिणीकडे कोकणात गेलेत, म्हणते.

"पळाला," बाबा म्हणतात. "काम येत नाय त्याला. पहिल्यापासून येत नव्हतं."

मग माझ्याकडे बघत राहतात. मी काही बोलेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.

"हो बाबा," मी म्हणते. "नव्हतंच येत त्यांना."